ताई, ऑपरेशननंतरच्या सगळ्या वर्षांसाठी आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

ज्या डॉक्टरांनी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, त्यांचे आभार मी तेव्हाच मानले होते. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं कवच निघालं, त्यांनी हातात कागद दिला आणि मी तो चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवला. आभार मानायला तेवढं पुरेसं होतं. तुम्ही ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणाऱ्या; तुमचं काम असं एका सकाळी दिसत नाही. नंतरच्या इतक्या वर्षांत दर तपासणीला तुम्ही मला त्या अंधाऱ्या खोलीत बसवलंत, हनुवटी टेकवायला लावलीत, एकेक काच बदलत "आधीची बरी का आताची?" असं न कंटाळता विचारत राहिलात. आज या वयात मी माझं काम माझ्या डोळ्यांनी करते, त्यात तुमचा वाटा केवढा आहे हे मला ठाऊक आहे, पण ते चारचौघांत कधी बोलले नव्हते. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. ज्यांच्या डोळ्यांत माझ्यासारखीच मोतीबिंदूनंतरची कृत्रिम लेन्स बसली आहे आणि ज्यांना वाटतं की आता डोळ्यांचा विषय मिटला, त्यांनीही ते वाचावं अशी फार इच्छा आहे.

सुरुवात करते ऑपरेशनच्या आधीपासून, कारण पुढच्या वर्षांचा पाया तिथेच पडला.

मी मुद्रितशोधन करते हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या भेटीत तुम्ही नाव-गाव, मधुमेह, रक्तदाब सगळं लिहून घेतलंत आणि मग विचारलंत, "काकू, दिवसभरात तुमची नजर जास्त वेळ कुठे असते?" मी म्हटलं, कागदावर. तेव्हा तुम्ही टेबलावर एक कागद ठेवलात, घरी काम करताना बसते तसं बसायला सांगितलंत आणि खिशातून मोजपट्टी काढून माझ्या डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलंत. चाळीस सेंटिमीटर. ते तुम्ही केसपेपरवर लिहिलंत आणि खाली रेघ मारलीत.

त्या रेघेची किंमत मला नंतर कळली. साध्या लेन्सची नजर एकाच अंतरावर पक्की बसते. तरुण डोळ्यातलं मूळ भिंग जवळ-लांब बघताना आकार बदलतं, ही लेन्स बदलत नाही. बहुतेकांना लांबचं स्पष्ट हवं असतं, म्हणून लेन्सचा नंबर त्या हिशेबाने ठरवतात आणि वाचायला चष्मा लागतो. माझं उलट होतं. तुम्ही मला आणि डॉक्टरांना एकत्र बसवून सांगितलंत की यांना मुद्दाम उणे अडीच नंबरच्या आसपास ठेवूया, म्हणजे कागद चष्म्याशिवाय दिसेल आणि बाहेर पडताना लांबचा चष्मा लावतील. जवळ-लांब दोन्ही दिसणाऱ्या लेन्सबद्दलही तुम्ही नीट समजावलंत. चष्म्यापासून बरीच सुटका होते, पण काही जणांना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि फिकट छपाईची अक्षरं थोडी कमी उठावदार दिसतात, हे न लपवता सांगितलंत. माझं सगळं आयुष्य फिकट छपाईत गेलेलं. निर्णय मला लगेच घेता आला.

मग मोजमाप. डोळ्याची लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने हुकतो, हे मला तुमच्याकडून कळलं. तुम्ही एकदा मोजलंत, पुन्हा मोजलंत, आणि दोन वेळचे आकडे जुळेनात तेव्हा थांबलात. "डोळे कोरडे आहेत, म्हणून बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, गोलाई नीट येत नाहीये. थोडे दिवस ओलाव्याचे ड्रॉप्स घाला, परत मोजू." घरच्यांची जरा चिडचिड झाली. ऑपरेशनची तारीख पुढे गेली. पण आलेला आकडा तसाच पुढे पाठवून देणं किती सोपं होतं! बाहेर रांग लागलेली होती, तुम्हाला कुणी विचारणारही नव्हतं. डोळ्यात बसलेली लेन्स ऊठसूट बदलता येत नाही. तुमच्या त्या थांबण्यावर मी आजपर्यंत वाचते आहे.

एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, तो मधला काळ मला फार आवडला होता. एक डोळा झाकला की कागद पांढराशुभ्र, दुसरा झाकला की तोच कागद पिवळट आणि मळका. वर्षानुवर्षं मी त्या पिवळ्या कागदालाच पांढरा समजत होते. निळा रंग तर अंगावर आल्यासारखा वाटायचा. तुम्ही सांगितलंत की वय वाढतं तसं आपलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ते निघालं की निळं पुन्हा आत येतं. फ्रान्सचे चित्रकार क्लोद मोने यांनाही मोतीबिंदू होता, 1923 मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि रंगांवरून ते कसे हैराण झाले, हेही तुम्हीच सांगितलंत. माझं नवल थोड्याच दिवसांत ओसरलं, डोळे सरावले.

बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालून बसलं की बराच वेळ काही करता येत नाही. त्या वेळात तुम्ही माझ्या प्रश्नांना उत्तरं देत आलात. "ही लेन्स टिकते किती वर्षं?" हा माझा कायमचा प्रश्न. त्यावर तुम्ही इंग्लंडचे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिड्ले यांची गोष्ट सांगितलीत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. काही कण तसेच राहून गेले, तरी डोळ्याने त्यांच्याविरुद्ध कुरबूर केली नाही, हे त्यांनी टिपलं आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स 1949 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णाच्या डोळ्यात बसवली. बऱ्याच नेत्रतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं त्यांना विरोध केला. पुढे उतारवयात रिड्ले यांच्या स्वतःच्या डोळ्यांत तशाच लेन्स बसल्या. हे ऐकताना मला खरंच भरून आलं होतं. आपल्या डोळ्यातल्या वस्तूमागे कुणाची तरी एवढी चिकाटी आहे हे रुग्णाला कोण सांगतं? तुम्ही सांगितलंत, आणि शेवटी म्हणालात, "लेन्स जन्मभर टिकते काकू. वय होतं ते तिच्या भोवतीच्या डोळ्याचं."

हे वाक्य मी पुष्कळांना ऐकवते. कारण माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं.

ऑपरेशनला काही वर्षं झाली होती. हळूहळू प्रुफांतले अनुस्वार हरवू लागले. अक्षराचा सांगाडा दिसायचा, पण डोक्यावरचं टिंब कागदाच्या रंगात विरघळून जायचं. पहिली वेलांटी का दुसरी, हे पान खिडकीशी नेल्याशिवाय ठरेना. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून सगळीकडे पसरायचा. ओळखीचे म्हणाले, मोतीबिंदू परत आला असेल. एका ठिकाणी मला चष्म्याचा नवा नंबर काढून दिला, चष्मा झाला, फरक काहीच पडला नाही. माझ्या मनात काम बंद करायचे विचार सुरू झाले होते, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगते.

तुम्ही काय केलंत ते मला नीट आठवतं. आधी बारीक भोकांची काळी चकती डोळ्यापुढे धरायला दिलीत. नंबर चुकलेला असेल तर त्या भोकांतून अक्षर सुधारतं. माझं सुधारलं नाही. मग तक्ता वाचत असताना बाजूने डोळ्यावर प्रकाश टाकलात, तर ज्या ओळी वाचत होते त्याही गेल्या. तुम्ही म्हणालात, "मोतीबिंदू परत येत नाही. तो होतो त्या भिंगाला, आणि भिंग तर आता नाहीच." आणि उशीच्या अभ्र्याचं उदाहरण दिलंत. आपलं भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये पिशवीला पुढून गोल तोंड पाडून आतलं धुरकट भिंग काढतात आणि नवी लेन्स त्याच पिशवीत सरकवतात. उशी नवी, अभ्रा जुना. त्या अभ्र्याच्या कडेला मूळ भिंगाच्या थोड्या पेशी राहतातच, कितीही सफाईने काम केलं तरी. त्या महिन्यांनी किंवा वर्षांनी मागच्या बाजूवर पसरतात आणि तिथे जाळी धरते. पुष्कळांना हे होतं, आणि त्यात ना डॉक्टरांचा दोष असतो ना रुग्णाचा.

हे ऐकल्यावर माझी निम्मी भीती गेली. आणि तरीही तुम्ही मला जाळी मोकळी करणाऱ्या लेसरकडे थेट ढकललं नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. "आधी पडदा बघायचा," तुम्ही म्हणालात. नजर कमी होण्याचं खापर जाळीवर फोडून मोकळं होता येतं आणि मागे पडद्याला, म्हणजे रेटिनाला, काही झालेलं असेल तर ते तसंच राहून जातं. म्हणून बाहुली मोठी करून डॉक्टरांनी पडदा तपासला, मॅक्युलाचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचं, स्कॅन झालं, डोळ्यातलं प्रेशर बघितलं, आणि सगळं ठीक आहे म्हटल्यावरच याग लेसर ठरलं.

ज्यांना ते करायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. चिरा नाही, टाके नाहीत. बसल्याबसल्या डोळ्यावर एक जाडसर भिंग टेकवतात, लाल ठिपके दिसतात, टिक्‌टिक्‌ आवाज येतो, आणि पिशवीच्या जाळी धरलेल्या मागच्या बाजूला बरोबर मधोमध छोटी खिडकी पडते. काही मिनिटांचं काम. दुखलं अजिबात नाही. नंतर थोडा वेळ थांबवून तुम्ही डोळ्याचं प्रेशर पुन्हा मोजलंत, कारण लेसरनंतर ते तात्पुरतं वाढू शकतं. त्या दिवशी डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते, तेही होईल असं तुम्ही आधीच सांगून ठेवल्यामुळे मी घाबरले नाही. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसले तर अनुस्वार आपापल्या जागी होते. त्या दिवशी मी एक अख्खा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, हातावेगळा केला.

लेसर झाल्यावर तुम्ही मला एक गोष्ट तीनतीनदा घोकून घ्यायला लावलीत, ती इथे जशीच्या तशी लिहिते. अचानक पुष्कळ नवे ठिपके किंवा धागे तरंगू लागले, डोळ्याच्या कडेला विजा चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी यायचं. उद्यावर ढकलायचं नाही, दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. रेटिना सुटताना दुखत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हा धोका थोडा वाढतो आणि तो पुढची काही वर्षं राहतो. ज्यांचा उणे नंबर मुळात मोठा होता त्यांनी तर जास्तच लक्ष ठेवायचं. माझ्यावर ती वेळ आलेली नाही. पण ती लक्षणं मला तोंडपाठ आहेत.

आणखी एक सवय तुम्ही लावलीत. रोज सकाळी कामाला बसताना एक डोळा तळहाताने अलगद झाकायचा, दाबायचा नाही, आणि दुसऱ्याने ओळी बघायच्या, मग उलट. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम गुपचूप ओढतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. चौकटींचा तो कागदही तुम्ही दिलात, ज्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या किंवा तुटक दिसतात का ते पाहायचं. तो माझ्या टेबलावर काचेखाली आहे. माझ्या रेघा अजून सरळ आहेत.

मध्ये एकदा मी तुमच्यावर थोडी तडकले होते. लेन्स तीच आहे तर चष्म्याचा नंबर का बदलतो, म्हणून. तुम्ही शांतपणे सांगितलंत की लेन्स तीच असली तरी बुबुळाचा आकार वयानुसार सावकाश बदलत राहतो, त्यामुळे सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईसाठीचा नंबर, आणि त्याचा कोन सरकतो. कोन थोडासा दुरुस्त केलात तर लांबच्या पाट्या पुन्हा टोकदार झाल्या. वाचताना आपण पापण्या मिटायचं विसरतो आणि डोळा कोरडा पडून अक्षर धूसर होतं, हेही तेव्हाच सांगितलंत. प्रुफं वाचणाऱ्या सगळ्यांना मी ते सांगत असते.

आता दादाबद्दल लिहिते. खरं तर सगळ्यात मोठं ऋण तेच आहे.

माझ्या थोरल्या भावाची दोन्ही ऑपरेशनं माझ्या आधी, दुसरीकडे झालेली. त्याला लांबचं लख्ख दिसायचं. तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, माझं सगळं झालंय, आता कशाला? तुमच्याशी बोलता बोलता मी हे सहज सांगितलं आणि तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "काकू, मोतीबिंदू काढला म्हणजे मोतीबिंदूच गेला. काचबिंदू, मधुमेहाने पडद्यावर होणारा त्रास, मॅक्युलाची झीज, हे सगळं त्या ऑपरेशननंतरही होऊ शकतं. त्यांना घेऊन या." मी त्याला भांडून आणलं. तुम्ही तक्ता वाचून घेतलात तर शेवटची ओळसुद्धा त्याने वाचली आणि माझ्याकडे विजयाने बघितलं. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. प्रेशर मोजलंत, डॉक्टरांनी मागची नस पाहिली, आणि मग बाजूला दिवे लुकलुकतात ते दिसले की बटण दाबायची ती तपासणी झाली. एका डोळ्याने तो वरच्या बाजूचे दिवे ओळीने चुकवत होता. समोरचं स्वच्छ दिसत होतं, कडेचं गेलं होतं, आणि त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

काचबिंदू होता. जे गेलं ते परत येणार नाही, हे तुम्ही त्याला गोड बोलून झाकलं नाहीत. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलात, कागदावर डोळ्याचं चित्र काढलंत, उरलेलं कसं सांभाळायचं ते सांगितलंत. ड्रॉप्स घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरायचा, हे त्याच्याकडून तुमच्यासमोर करून घेतलंत. दादा हट्टी माणूस आहे, पण तेव्हापासून त्याचा ड्रॉप्स चुकलेला नाही. त्याच्या नंतरच्या तपासण्यांत त्या डोळ्याची कड आणखी आत सरकलेली नाही. आमच्या घरात तुमचं नाव कसं घेतलं जातं हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते: आदराने आणि रोज.

तुमच्या पदाचं नाव नीट सांगता येणारी माणसं कमी असतील. कुणी तुम्हाला नर्स म्हणतं, कुणी चष्म्याच्या नंबरवाल्या ताई म्हणतं. ऑप्टोमेट्रिस्टचं काम काय असतं ते मी तुमच्याकडे बघून शिकले. डॉक्टरांचा हात डोळ्यावर असतो तो थोडा वेळ. त्याआधी आणि त्यानंतर रुग्णाची नजर तुमच्या वहीत असते. माझी पहिल्या दिवसापासूनची सगळी नोंद तुमच्याकडे आहे, आणि म्हणूनच कुठे काय बिघडलं ते तुम्हाला माझ्याआधी कळतं. लेन्सचं कार्ड जपून ठेवायला, त्यावरची कंपनी, पॉवर, तारीख आणि नंबर यांचा फोटो मुलांच्या फोनमध्ये ठेवायला तुम्हीच सांगितलंत. तेही केलं आहे.

पुढच्या तपासणीला दादा आणि मी बरोबर येतो आहोत. त्याला त्याच्या डोळ्याच्या नसेचा मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून बघायचा आहे, तेवढा वेळ आमच्यासाठी काढा. आणि ताई, इतकी वर्षं माझ्या नजरेची काळजी माझ्याइतकीच तुम्ही केलीत, त्याबद्दल मनापासून, अगदी मनापासून आभार.

तुमची,
प्रुफं वाचणारी काकू